घरपोच सेवा आणि इमारतींची रचना

राहत्या आणि कार्यालयीन इमारतींत रोज येणारा माल, पार्सले, जेवणाचे डबे व दुरुस्तीची माणसे यांच्यासाठी नकाशातच जागा आणि वाट राखून ठेवण्याची पद्धत. सामानाची गाडी थांबण्याची जागा, सर्व्हिस लिफ्ट, पार्सलची खोली किंवा कुलपाचे कप्पे हे तिचे मुख्य भाग.

गरज जुनीच. चाळीत वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत, भाजीवाला ती भरून देई. दक्षिण मुंबईतल्या जुन्या फ्लॅटना मागच्या अंगाला नोकरमाणसांसाठी लोखंडी गोल जिना असे. रात्री दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी हीसुद्धा पार्सलपेटीच. मात्र दोन लिटरपुरती.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने कार्यालये, बाजार, कारखाने व गोदामांना मालवाहू गाड्यांसाठी वेगळी जागा सोडायला लावली : पहिले ४०० चौ. मी. वगळून दर २,००० चौ. मी. ला एक, जास्तीत जास्त सहा. राहत्या इमारती या यादीत नव्हत्या. घरात माल येतो तो महिन्याच्या किराण्यापुरता, असाच तेव्हाचा हिशेब असावा. २०२१ नंतर मोठ्या शहरांत दहा मिनिटांत किराणा येऊ लागला आणि तो हिशेब पार चुकला.

वेळ रस्त्यावर जातो तसाच गेटच्या आतही जातो. नोंद, इंटरकॉम, विंगचा शोध, लिफ्टची वाट. अमेरिकेतील सिॲटलच्या ६२ मजली म्युनिसिपल टॉवरमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अर्बन फ्रेट लॅब या शहरी मालवाहतुकीच्या संशोधन केंद्राने सर्व कंपन्यांसाठी सामाईक कप्पे बसवून पाहिले. मजलोमजली फिरण्याच्या तुलनेत माल पोचवणाऱ्यांचा इमारतीतला वेळ ७८ टक्क्यांनी घटला.

आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांत हे कप्पे म्हणजे वॉचमनचे टेबल. त्यावर मार्करने फ्लॅट नंबर लिहिलेल्या खोक्यांची उतरंड आणि तिच्याआड वॉचमन.

सर्व्हिस लिफ्टचा मूळ उपयोग कपाटे, सिमेंटच्या गोण्या, राडारोडा नेण्याचा. ‘डिलिव्हरीवाल्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी लागली की तीच लिफ्ट मालाऐवजी माणसे वेगळी काढू लागते. मागचा गोल जिना नव्या रूपात परत येतो. उलट गेटपाशी बाकडे, पिण्याचे पाणी आणि शौचालय यांना जागा फारशी लागत नाही, तरी नकाशात ती क्वचितच दिसतात.

कप्पे जिन्याच्या तोंडाशी किंवा आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटेत बसवू नयेत. साध्या कप्प्यात थंड मालही टिकत नाही. आइस्क्रीमला दारापर्यंत जावेच लागते.