ज्युररने लपवलं: शिक्षा त्याला, की निकालच रद्द?

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी घरात ज्युरी ड्युटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या गटात बसण्याचं, पत्र आलं की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. निवडीच्या वेळच्या प्रश्नांना उत्तर देताना ज्युररने, म्हणजे ज्युरीतल्या सदस्याने, खरं लपवलं तर त्याला शिक्षा होणार आणि निकालही आपोआप रद्द होणार, असं लोक धरून चालतात. पण या वाटा वेगळ्या आहेत. शिक्षेसाठी कोर्ट ज्युररचा हेतू बघतं. निकाल मोडायचा, तर पक्षकाराचा निःपक्ष ज्युरीचा हक्क हिरावला गेला का, हे बघतं.

पहिल्या वाटेसाठी मिनिआपोलिसचा फोशे खटला बघा. ३२ मजली फोशे टॉवर बांधणाऱ्या विल्बर फोशेवर टपालातून फसवणूक केल्याचा आरोप होता. निवडीच्या वेळी एका बाईंनी आधीच्या नोकऱ्या सांगितल्या, पण फोशेच्या कंपनीत आपण काम केलं होतं, एवढंच नेमकं गाळलं. मनात कुठला पूर्वग्रह नाही, असंही सांगितलं. पुढे ज्युरीच्या खोलीत अकरा जण 'दोषी' म्हणत होते आणि या एकट्या 'निर्दोष'वर अडून बसल्या. बाकीचे समजवायला आले की कानांवर हात ठेवत. एकमत झालं नाही. निकालच नव्हता, मग रद्द काय करणार? तरीही कोर्टाच्या अवमानाबद्दल त्यांना ६ महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९३३ मध्ये ती शिक्षा कायम केली. गुन्हा होता तो लबाडीने ज्युरीत शिरण्याचा. 'निर्दोष' मत देणं हा गुन्हा नव्हता, आणि हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मतासाठी शिक्षा होऊ लागली तर ज्युरी नावालाच उरेल.

दुसऱ्या वाटेवरचा खटला १९८४ चा. गवत कापायच्या यंत्राखाली एका मुलाचे पाय सापडले आणि घरच्यांनी कंपनीवर दावा लावला. घरात कुणाला गंभीर दुखापत झाली आहे का, असं ज्युररना विचारलं. ट्रकचं टायर फुटून स्वतःच्या मुलाचा पाय मोडला होता, तरी एक ज्युरर गप्प राहिला. त्याच्या लेखी ती 'गंभीर' नव्हती. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवला. निकाल रद्द होण्यासाठी न्यायालयाने दोन अटी घातल्या: ज्युररने महत्त्वाच्या प्रश्नाला अप्रामाणिक उत्तर दिलेलं हवं, आणि खरं उत्तर मिळालं असतं तर त्याला वगळायला कायदेशीर कारण मिळालं असतं, असंही हवं. प्रामाणिक चूक यात बसत नाही.

फौजदारी खटल्यात हा फरक आणखी टोचतो. लपवाछपवी करणाऱ्या ज्युररमुळे आरोपी निर्दोष सुटला, तर ज्युररला शिक्षा होऊ शकते, पण एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही या तत्त्वामुळे ती सुटका सहसा कायम राहते. उलट आरोपी दोषी ठरला असेल, तर तो नव्या खटल्याची मागणी करू शकतो.

म्हणून खटला चालू असताना काही आठवलं, तर चिठ्ठी लिहून कोर्टाच्या कर्मचाऱ्याकरवी लगेच न्यायाधीशांकडे पाठवा. ज्युरी विचारविनिमयाला बसण्याआधी तुमच्या जागी घ्यायला पर्यायी ज्युरर बहुधा हाताशी असतात.