दहा माणसं नसली तरी तक्रार होते

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या छोट्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींना अजूनही सांगतात, "इथे दहा माणसं नाहीत, लैंगिक छळाची तक्रार चालणार नाही." साफ चूक. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कर्मचारी दहापेक्षा कमी असले, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर ती जिल्ह्याची स्थानिक समिती ऐकते. पत्ता कलेक्टर ऑफिसात विचारा.

अर्ज लेखी, ६ प्रतींत, शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत द्या. सबळ कारण असल्यास समिती आणखी ३ महिने देऊ शकते. सोबत मेसेज, साक्षीदारांची नावं-पत्ते जोडा. "नेहमी त्रास देतात" एवढ्यानं अर्ज कमकुवत होतो. तारीख, जागा, नेमके शब्द लिहाच. बाईला कमी पगार दिल्याची तक्रार मात्र श्रम विभागाकडे.