सात डॉलरचा शिपाई : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांतले बहुतेक युद्धाच्या सुरुवातीला गुलाम, म्हणजे कुणाच्या तरी मालकीचे होते. भरतीला १८६३ मध्ये जोर आला आणि लगेच पगाराचा घोळ सुरू झाला.

जुलै १८६२ च्या मिलिशिया (नागरी सेना) कायद्यातलं कलम मुख्यतः खंदक खणणाऱ्या, छावणीत राबणाऱ्यांसाठी होतं : महिना १० डॉलर, त्यातले ३ कपड्यांपोटी. लष्करी सेवेचा उल्लेख त्यात शेपटासारखा होता. युद्धखात्याने जून १८६३ मध्ये तेच कलम बंदूकधारी सैनिकांना लावलं. गोऱ्या शिपायाला रोख १३, वर कपडेभत्ता ३.५० डॉलर, कृष्णवर्णीयाच्या हातात ७. सार्जंट झाला तरी ७च. काही पलटणींना तर भरतीच्या वेळी समान पगाराचा शब्द दिलेला होता.

मॅसॅच्युसेट्सच्या एका पलटणीने वर्षाहून अधिक काळ पगारच नाकारला. राज्याने फरक भरून द्यायची तयारी दाखवली, तीही. घरच्यांचे हाल झाले ते वेगळेच. साउथ कॅरोलायनात नोव्हेंबर १८६३ मध्ये एका कृष्णवर्णीय सार्जंटने निषेध म्हणून कंपनीला कर्नलच्या तंबूसमोर बंदुका रचून ठेवायला लावल्या. पगार मजुराचा, शिक्षा मात्र सैनिकाची : बंडाच्या आरोपावरून २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्याला गोळ्या घातल्या.

जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पगार समान केला, पण थकबाकी १ जानेवारी १८६४ पासूनच. भरतीपासूनची थकबाकी फक्त १९ एप्रिल १८६१ रोजी, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीलाच, स्वतंत्र असलेल्यांना. म्हणजे युद्ध ज्याच्या गुलामीवरून पेटलं, नेमका तोच वगळला. एका कर्नलने पळवाट काढली : त्या तारखेला आपल्या श्रमावर कुणाचा हक्क नव्हता, एवढीच शपथ घ्यायची. देवाच्या न्यायाने तसा हक्क कुणालाच नव्हता, तेव्हा कालच्या गुलामानेही ती बेलाशक घेतली. शब्द मिळालेल्या उरलेल्या पलटणींची भरतीपासूनची थकबाकी मार्च १८६५ च्या कायद्याने मान्य झाली.

पेन्शनच्या वेळी भरतीचे कागद आडवे आले. अनेकांची भरती मालकाच्या आडनावाने, युद्धानंतर आडनाव बापाचं. कारकुनाला ही दोन माणसं वाटत. गुलामांच्या लग्नाची नोंद नसे, त्यामुळे विधवेला साक्षीदार आणावे लागत. १९०७ च्या कायद्याने ६२ वर्षं पूर्ण झालेल्यांना वयावर पेन्शनचा हक्क दिला, तेव्हा जन्मतारखेचा पुरावा कुठून आणायचा? काहींनी जुन्या मालकाच्या घराण्याकडून वयाचा दाखला मागून घेतला.