जुन्या बाइटांचं कपाट: सेफमधल्या सुसंगतता चाचणीची पार्श्वभूमी

सेफ या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या मुख्य कोडला एक वेगळं गिट भांडार (फाइली आणि त्यांतले बदल जपून ठेवण्याची जागा) जोडलेलं आहे. त्यात कोड जवळपास नाहीच. फोल्डरना जुन्या आवृत्त्यांची नावं, त्यांच्या आत डेटाप्रकारांची नावं आणि त्याही आत हॅशची, म्हणजे आशयावरून काढलेल्या खुणांची, नावं असलेल्या छोट्या छोट्या बायनरी फाइली. ‘ऑब्जेक्ट कॉर्पस’ म्हणतात त्याला. नव्याने येणाऱ्याला तो साफ करायचा राहून गेलेला पसारा वाटेल. मला मात्र या प्रकल्पातल्या सगळ्यात मोलाच्या गोष्टींपैकी ती एक वाटते, आणि ती का जमवावी लागली हे समजून घेण्यासारखं आहे.

सेफचा जन्म सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला, सेज वाइल यांच्या पीएचडीच्या कामातून. त्यावरचा मुख्य शोधनिबंध २००६ चा. अनेक यंत्रांच्या डिस्कवर डेटा पसरवायचा, आणि कुठे काय आहे हे काढता यावं म्हणून क्लस्टरचा, म्हणजे या यंत्रांच्या समूहाचा, नकाशा प्रत्येकाकडे ठेवायचा, अशी ही रचना. तो नकाशा, त्यातले बदल, प्रत्येक ऑब्जेक्टची माहिती हे सगळं डिस्कवर लिहायला किंवा नेटवर्कवर पाठवायला आधी सलग बाइटांत उतरवावं लागतं.

हा प्रश्न सेफच्या कितीतरी आधीचा. डेटा बाइटांत मांडण्याच्या सन कंपनीच्या एक्सडीआर या पद्धतीचं वर्णन १९८७ मध्ये आरएफसी, म्हणजे इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज, म्हणून आलं. त्यात बाइटांसोबत फील्डचं नावही जात नाही आणि क्रमांकही नाही. कशामागून काय येणार हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असावं लागतं. २००८ मध्ये गूगलने याच कामासाठीचे आपले प्रोटोकॉल बफर्स खुले केले. त्यात प्रत्येक फील्डला क्रमांक असतो आणि अनोळखी क्रमांक ओलांडून पुढे जाता येतं. सेफने यातलं काहीच घेतलं नाही. प्रत्येक डेटा-रचनेसाठी सी++ मध्ये एन्कोड (बाइटांत उतरवणारं) आणि डिकोड (बाइटांतून परत वाचणारं) ही फंक्शनं हाताने लिहिली.

सुरुवातीला रचनेच्या आरंभी आवृत्तीचा एकच बाइट असे. त्यावर नवा कोड जुना डेटा वाचू शके. उलट्या दिशेने मात्र अडत होतं. जुन्या कोडसमोर नवी, लांबलेली रचना आली की ती संपते कुठे हेच त्याला कळत नसे. सेफचं क्लस्टर बंद न करता एकेक यंत्र अपग्रेड करतात, त्यामुळे काही काळ जुनं-नवं एकमेकांशी बोलत असतंच. म्हणून २०१२ च्या जुलैत ‘अर्गोनॉट’ ही पहिली नावाची आवृत्ती आली त्याच्या आसपासच्या काळात सहा बाइटांचा मथळा रूढ झाला. समजा फाइलच्या सुरुवातीला ५, २, २८, ०, ०, ० असे बाइट आहेत. हे आवृत्ती ५ ने लिहिलं, आवृत्ती २ पासून पुढचं ज्याला कळतं त्याने खुशाल वाचावं, आणि पुढे २८ बाइट आहेत, असा त्याचा अर्थ. जुना कोड ओळखीचं तेवढं वाचतो आणि उरलेलं लांबीच्या आधाराने ओलांडतो. दुसरा आकडा त्याच्या समजेपलीकडचा असेल तर तो वाचायला सरळ नकार देतो.

आता चाचणीचा प्रश्न. एखादी रचना एन्कोड करायची, लगेच डिकोड करायची आणि दोन्ही सारखी आली की हिरवा कंदील, ही सगळ्यांना आधी सुचणारी चाचणी. सेफमध्ये तीही आहे. पण कोणी एन्कोड आणि डिकोड या दोन्ही फंक्शनांत दोन फील्डची अदलाबदल केली, तरी ती पास होते. दोघं मिळून चुकतात आणि चूक दिसतच नाही. तिकडे ग्राहकाच्या डिस्कवर पाच वर्षांपूर्वी लिहिलेले बाइट जुन्याच क्रमाने बसलेले असतात. त्यांच्या वतीने बोलायला जुन्या कोडने खरोखर लिहिलेले बाइटच हवेत.

कपाट भरतं ते असं. खास पर्याय लावून सेफ बिल्ड करायचं, म्हणजे एन्कोड होणाऱ्या रचनांचे नमुने फाइलीत पडत जातात. सगळेच साठवले तर ढीग होईल, म्हणून काम पुढे सरकेल तशी निवड विरळ होत जाते. मग चाचणीचं क्लस्टर चालवून नमुने गोळा करायचे. ‘सेफ-डेन्कोडर’ नावाच्या साधनाला प्रकार आणि फाइल दिली की ते बाइट वाचून जेसन, म्हणजे माणसालाही वाचता येईल असा मजकूर, छापतं. चाचणीची स्क्रिप्ट प्रत्येक जुनी फाइल आजच्या कोडने वाचते, जेसन काढते, पुन्हा एन्कोड-डिकोड करून दुसरं जेसन काढते आणि दोन्ही ताडून बघते.

एखाद्या प्रकाराची सुसंगतता जाणूनबुजून तोडायची असेल तर त्याची वेगळी नोंद त्याच भांडारात करावी लागते. मोडायची मुभा आहे, पण गुपचूप नाही. ही शिस्त मला फार आवडते.

तरीही सगळंच या कपाटात मावत नाही. नकाशातल्या प्रत्येक बदलासोबत पूर्ण नकाशाचा सीआरसी, म्हणजे त्याच्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जातो. वेगवेगळ्या आवृत्त्यांची यंत्रं एकत्र असताना अर्थ तोच राहून बाइट वेगळे पडू शकतात. मग अपेक्षित सीआरसी जुळला नाही अशी ओळ लॉगमध्ये येते आणि ते यंत्र मॉनिटरकडून, म्हणजे नकाशा सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडून, पूर्ण नकाशा मागून घेतं.

२०२१ मधली अडचण याहून गंभीर होती. सेफच्या ‘पॅसिफिक’ मालिकेत ओमॅपच्या, म्हणजे ऑब्जेक्टसोबत ठेवलेल्या की-मूल्य जोड्यांच्या, कीची मांडणी बदलली होती. आधीच्या आवृत्तीवरून आलेल्या क्लस्टरमध्ये माउंट करताना, म्हणजे डिस्कवरचा साठा वापरात घेताना, आपोआप दुरुस्तीचा पर्याय चालू असेल, तर रूपांतरात की चुकीच्या लिहिल्या जाण्याचा आणि डेटा बिघडण्याचा धोका होता. डिसेंबरमध्ये आलेल्या १६.२.७ या आवृत्तीने तो दोष काढला. जपून ठेवलेली एकेक रचना वाचून हा दोष सापडला नसता. तो रचनांच्या आत नव्हता, डिस्कवरच्या जुन्या की नव्या करण्याच्या कामात होता. ते पकडायला जुन्या आवृत्तीने भरलेलं आख्खं क्लस्टर प्रत्यक्ष अपग्रेड करून बघावं लागतं.