गिअर चेक (स्कायडायव्हिंग)

विमानातून उडी मारायच्या आधी पाठीवरची हवाई छत्री म्हणजे पॅराशूट, अंगावरचे पट्टे, कड्या, पिना, हँडल आणि उंची दाखवणारं मीटर हे सगळं ठरलेल्या क्रमाने डोळ्यांनी बघून आणि हात लावून तपासायची जी सवय असते तिला गिअर चेक म्हणतात. मराठीत तपासणी म्हणता येतं, पण तपासणी कागदाचीही होते, इथे काम बोटांचं आहे, म्हणून चाचपणी हा शब्द जास्त जवळचा वाटतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बैलगाडी बाहेर काढायच्या आधी जुनी माणसं शिवळ, सापती आणि चाकाची खीळ हाताने हलवून बघतात, काल बघितलेली असली तरी आज परत बघतात. ती सवय आणि ही सवय एकाच जातीची, फरक एवढाच की गाडीची खीळ निघाली तर गाडी थांबवता येते.

चेक साधारण तीनदा होतो, गिअर अंगावर चढवायच्या आधी, चढवून झाल्यावर विमानात बसायच्या आधी, आणि शेवटी विमानातच दार उघडायच्या आधी. पहिला चेक सगळ्यात सविस्तर कारण तेव्हा गिअर समोर टेबलावर किंवा चटईवर असतो आणि वेळही असतो. तिसरा चेक बऱ्याच जणांना फालतू वाटतो, आत्ताच तर खाली बघितलं होतं की, पण छोट्या विमानात माणसं एकमेकांना चिकटून बसलेली असतात, सरकताना पाठ भिंतीला घासते, पॅक बंद ठेवणारी पिन सरकू शकते, हँडल जागेवरून निसटू शकतं. आणि दार उघडं असताना चुकून छत्री बाहेर गेली तर ती माणसाला ओढून नेते, वाटेत विमानाची शेपटी असते. म्हणून दार उघडायच्या आधीची ती वीस-तीस सेकंद सगळ्यात महत्त्वाची.

उगम

ही सवय नेमकी कुठे सुरू झाली यावर एकमत नाही. २२ ऑक्टोबर १७९७ ला आंद्रे-जाक गार्नेरँ पॅरिसमध्ये बलूनमधून छत्रीने उतरला, आणि १८८९ च्या सुमारास पर्सिव्हल स्पेन्सरने हिंदुस्थानात येऊन असेच प्रयोग करून दाखवले, पण त्या काळातली छत्री बलूनला उघडपणे टांगलेली असायची, पाठीवर घडी करून बांधलेली नसायची. त्यामुळे तपासायचं ते दोर आणि कापड, आजच्या अर्थाचा चेक त्यात शोधणं ओढूनताणून होईल.

एक मत असं की ही सवय छत्रीची घडी घालणाऱ्यांकडून, म्हणजे रिगर लोकांकडून आली. २८ एप्रिल १९१९ ला लेस्ली अर्विनने अमेरिकेत डेटनजवळच्या मकूक फील्डवर विमानातून उडी मारून हवेत स्वतःच्या हाताने दोरी ओढून छत्री उघडली, तिथून पाठीवरच्या बंद पॅकचं युग सुरू झालं असं धरतात, आणि २० ऑक्टोबर १९२२ ला हॅरोल्ड हॅरिस मोडणाऱ्या विमानातून अशाच छत्रीने वाचला. पॅक बंद झाल्यावर पहिल्यांदाच असं झालं की उडी मारणाऱ्याला आतलं काही दिसत नाही, दुसऱ्याने घातलेल्या घडीवर त्याला विश्वास टाकावा लागतो, मग घडी कधी घातली, कोणी घातली याची नोंद, सील, कार्ड हे सगळं ओघाने आलं. आजही इमर्जन्सी छत्रीच्या, म्हणजे रिझर्व्हच्या, पिनेवर लाल दोरा आणि शिशाचं सील असतं, ते याच परंपरेतलं.

दुसरं मत सैनिकी. १९४० मध्ये अमेरिकेत फोर्ट बेनिंगला आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रिंगवेला पॅराशूट सैनिकांचं ट्रेनिंग सुरू झालं, तिथे छत्री हाताने उघडायची नसते, स्टॅटिक लाईन नावाचा पट्टा विमानातल्या तारेला हुकने अडकवलेला असतो आणि उडी मारताच तोच छत्री ओढून काढतो. रांगेत उभं राहून हुक अडकवायचा, आपलं सामान बघायचं, पुढच्याच्या पाठीवरची लाईन बघायची, मग शेवटच्या माणसापासून पुढे ओके देत यायचं, अशी ती कवायत. आपल्याकडे १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत विलिंग्डन विमानतळावर, म्हणजे आजच्या सफदरजंगला, एअर लँडिंग स्कूल निघालं, ते पुढे रावळपिंडीजवळ चकलालाला गेलं आणि फाळणीनंतर आग्रा हे पॅराशूट ट्रेनिंगचं ठिकाण झालं.

दोन्ही मतांत तथ्य आहे. कागद आणि सीलची शिस्त रिगरांची आणि अंगावरच्या गिअरला हात लावून क्रमाने बघायची, दुसऱ्याचंही बघायची रीत पलटणीची, असं मानायला जास्त आधार दिसतो. पण आज स्कायडायव्हर जो तीन-तीनचा चेक म्हणतात, तीन कड्या, तीन पट्टे, तीन हँडल, तो मात्र १९७० च्या दशकाच्या मधल्या काळाआधीचा असू शकत नाही. कारण तीन कड्यांची रिलीज सिस्टीम बिल बूथने आणली तीच तेव्हा. त्याआधी मुख्य छत्री सोडवायला खांद्यावर केपवेल नावाचे धातूचे क्लॅम्प असायचे आणि रिझर्व्ह छातीवर पोटापुढे बांधलेली असायची, म्हणजे हात फिरवायचा रस्ताच वेगळा होता. काही जण या तीनच्या गणनेलाही युद्धकाळात नेऊन बसवतात, ते पटण्यासारखं नाही.

तीन कड्या

मुख्य छत्री बिघडली तर ती सोडून द्यावी लागते आणि मग रिझर्व्ह उघडायची. सोडायचं काम खांद्याजवळच्या या कड्या करतात, प्रत्येक खांद्यावर तीन. सगळ्यात मोठी कडी हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांच्या जोडणीला, शिवलेली, मधली कडी मोठीतून जाऊन वर दुमडते, छोटी कडी मधलीतून जाऊन दुमडते, मग एक पातळ दोऱ्याचा लूप फक्त छोट्या कडीवरून येऊन पट्ट्याच्या भोकातून मागे जातो आणि तिथे एक पिवळी कोटिंग असलेली केबल त्याला अडवून धरते. माणसाचा आणि उघडताना बसणाऱ्या झटक्याचा सगळा भार मोठ्या कडीवर येतो, पुढे प्रत्येक कडी तरफेसारखी तो भार कमी करत नेते, त्यामुळे शेवटच्या लूपवर फार थोडा ताण उरतो आणि केबल एका हाताने ओढता येते. सगळी करामत कड्यांच्या क्रमात आहे. लूप चुकून मधल्या कडीतूनही गेला, किंवा एखादी कडी उलटी बसली, तर तरफ राहत नाही आणि वेळेला सिस्टीम अडकू शकते. म्हणून नुसतं बघून भागत नाही, तिन्ही कड्या सपाट एकावर एक बसल्यात का, लूप फक्त छोट्या कडीतून गेलाय का, केबल लूपमधून पुरेशी पुढे गेलीय का हे दोन्ही खांद्यांवर वेगवेगळं बघायचं, डावीकडचं ठीक म्हणून उजवीकडचं ठीक असं धरायचं नाही. साधारण महिन्यातून एकदा कड्या सुट्या करून पट्टा हाताने मळायचा, नाहीतर तो दुमडलेल्या आकारातच कडक होऊन बसतो, आणि केबलही पुसायची.

तीन पट्टे म्हणजे छातीचा एक आणि मांड्यांचे दोन. छातीचा पट्टा बकलमधून नीट फिरवून परत आणलाय की नुसताच आत खोचलाय हे लांबून सारखंच दिसतं, वजन पडलं की मात्र खोचलेला पट्टा सरळ निसटतो. तीन हँडल म्हणजे मागे उजव्या कमरेखालचं मुख्य छत्रीचं, उजव्या छातीवरचं छत्री सोडायचं आणि डाव्या छातीवरचं रिझर्व्हचं. यांना हात लावायचा तो ओढायला नव्हे, जागा बोटांच्या लक्षात राहावी म्हणून, आणि ज्या क्रमाने वर वापरायची त्याच क्रमाने.

पाठ

आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून पाठीचा चेक दुसऱ्याने करायचा. वरून खाली यायचं: रिझर्व्हची पिन आणि सील, मग मुख्य पिन सरळ आणि पूर्ण आत बसलीय का, मग तिला जोडलेली ब्रायडल नावाची लांब पट्टी कशी फिरवलीय. ही पट्टी मांडीच्या पट्ट्याखालून गेली असेल तर मुख्य छत्री ओढून काढणारी छोटी पायलट छत्री हवेत जाते पण पिन निघत नाही, आणि माणूस मागे फडफडणारी छोटी छत्री घेऊन पडत राहतो. ज्या पायलट छत्रीला आतून दोरी असते ती घडी घालताना ताणून ठेवावी लागते, ताणलीय का ते पट्टीवरच्या छोट्या खिडकीतल्या रंगावरून कळतं. रिझर्व्हची घडी ठरावीक मुदतीत रिगरकडून नव्याने घालून घ्यावी लागते, अमेरिकेत ही मुदत १८० दिवस आहे, २००८ च्या आधी १२० दिवस होती. कार्डावरची तारीख बघणं हाही चेकचाच भाग.

शून्य

बेळगावच्या माणसाने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं अशी गोष्ट हीच, आणि ती बहुतेक नोंदींमध्ये एका ओळीत उरकलेली असते. उंचीचं मीटर हवेचा दाब मोजतं, जमीन कुठे आहे हे त्याला आपणच सांगायचं असतं, उडायच्या आधी काटा शून्यावर आणून. सांबऱ्याचा, म्हणजे बेळगावचा, विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर शून्य केलेलं मीटर घेऊन कोणी चोर्ला घाट चढून बेळगावला आला तर जमिनीवर उभं असतानाच काटा २,५०० दाखवेल. आता समजा तो तसाच उडाला. अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या नियमात नवख्या लायसन्सवाल्याने छत्री उघडायची किमान उंची ३,००० फूट आहे, त्याच्या मीटरवर ३,००० येईल तेव्हा खरी उंची असेल ५००. पोटावर आडवं पडताना वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला साधारण १७५ फूट. तीन सेकंदही उरत नाहीत.

हेच ऑटोमॅटिक यंत्राचं. माणूस बेशुद्ध पडला किंवा गोंधळला तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र असतं, त्यातलं हेल्मुट क्लोथने जर्मनीत बनवलेलं सायप्रेस १९९१ मध्ये बाजारात आलं. त्याचं नेहमीचं मॉडेल जमिनीपासून साधारण ७५० फुटांवर, आणि वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर असेल तरच, रिझर्व्हचा पॅक बंद ठेवणारा लूप कापतं. जमीन म्हणजे काय हे त्यालाही चालू करताना कळतं. चालू करताना लाल दिवा लागला की लगेच बटण दाबायचं, असं एकूण चारदा दाबावं लागतं, म्हणजे खिशात चुकून चालू होत नाही, मग ते दहापासून शून्यापर्यंत मोजत स्वतःला तपासतं आणि १४ तासांनी आपोआप बंद होतं. नियम असा की जिथून उडायचं तिथेच चालू करायचं, गाडीने दुसरीकडे नेऊन आणलं असेल तर बंद करून परत चालू करायचं. उडायची जागा आणि उतरायची जागा वेगवेगळ्या उंचीवर असेल, आणि आपल्याकडे पठार आणि घाट इतके जवळ जवळ आहेत की असं सहज होऊ शकतं, तर तो फरक यंत्रात आणि मीटरमध्ये दोन्हीकडे घालावा लागतो. माझ्या मते सीमाभागात कधी हा खेळ आला तर पहिला धडा कड्यांचा नको, शून्याचा हवा.

सीमाभागात

इकडे पॅराशूट हा शब्द पलटणीतून घरात आला. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला १९२२ पासून आहे, आणि याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचं पुढे पॅराशूट बटालियनमध्ये रूपांतर झालं. १९५२ मध्ये तिला २ पॅरा (मराठा) हे नाव मिळालं. हिचं मूळ ११० वी मराठा लाईट इन्फंट्री, स्थापना १७९७ ची, म्हणजे गार्नेरँच्या उडीचंच साल. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशच्या युद्धात टांगाईलजवळ पूंगली पुलापाशी जी उडी झाली ती २ पॅराची. १९९६ मध्ये २१ मराठाचंही २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतर झालं. त्यामुळे बेळगाव तालुक्यातल्या, खानापूरच्या कितीतरी घरांत आजोबा किंवा काका आग्र्याला उड्या मारून आलेले असतात, आणि त्यांना येतो तो चेक हुक आणि स्टॅटिक लाईनचा, स्कायडायव्हिंगचा नाही. दोन्हीत गल्लत करू नये, स्टॅटिक लाईनवाल्याला ब्रायडल आणि पायलट छत्रीचा प्रश्नच येत नाही.

खेळ म्हणून उडी मारणारे इथून बाहेर जातात. कर्नाटकात म्हैसूरला कॅम्प झालेत. मराठी माणसाला या खेळाची ओळख मुख्यतः पुण्याच्या शीतल महाजनमुळे, २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्यांनी उड्या मारल्या, २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली. नऊवारीसारख्या कपड्यात चेक जास्तच काटेकोर लागतो, सुटलेला पदर हँडलवर आला तर हात कापडावर पडतो.

टँडेम

बहुतेक जणांची पहिली उडी टँडेमची असते, इन्स्ट्रक्टरच्या पुढे बांधून, ही पद्धत १९८० च्या दशकातली. प्रवाशाचा हार्नेस इन्स्ट्रक्टरला चार ठिकाणी जोडलेला असतो, दोन खांद्यांना, दोन कमरेला. चेक इन्स्ट्रक्टर करतो, पण प्रवाशाने चारही जोडण्या मोजाव्यात, मांडीचा पट्टा सैल वाटला तर लाजू नये, लगेच सांगावं, आणि दाराकडे सरकायच्या आधी चष्मा घट्ट करून घ्यावा.