तेराव्यानंतरचं वेळापत्रक

घरातलं माणूस गेलं की पहिले तेरा दिवस वेळ कसा घालवायचा हा प्रश्न कुणालाच पडत नाही. सकाळी गुरुजी येतात, मग भेटायला येणाऱ्यांची रीघ. दहाव्याची तयारी, महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आणायच्या, तेराव्याला पानं किती याचा हिशेब. घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेत चिपळूणचे मामा-मावशी हॉलभर गाद्या घालून झोपलेले असतात. दिवस भरगच्च असतो आणि तो दुसऱ्यांनी आखून दिलेला असतो. खरी पंचाईत चौदाव्या दिवशी, पाहुण्यांची गाडी गेल्यावर सुरू होते.

ठाण्यात, नौपाड्यात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही, आईचं सगळं त्यांनीच केलं. सकाळी सहाला रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी, अर्ध्या तासाने चहा, जेवणाआधी इन्सुलिन, दुपारी दोनला ऑफिसातून आयाबाईंना फोन, रात्री बीपीची गोळी. प्रत्येकाचा मोबाइलमध्ये अलार्म. आई गेली, अलार्म राहिले. सहाला फोन थरथरायचा, स्क्रीनवर ‘आई थायरॉइड’ अशी अक्षरं यायची. ते अलार्म बंद करायचे आणि नऊपर्यंत छताकडे बघत पडून राहायचे. जेवण कधी चारला, कधी नाहीच. फोर्टातल्या ऑफिसात रोज लेटमार्क. हितचिंतकांनी दोन सल्ले दिले: वेळेचं नियोजन करा आणि पॉझिटिव्ह राहा. दोन्ही सल्ले तसे चुकीचे नव्हते, पण असे मोघम दिले की त्यांचा काडीचा उपयोग होत नाही.

आधी वेळेचं बघू. आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. झोप, भूक, शरीराचं तापमान, हार्मोन्सची चढउतार या सगळ्याची वेळ तिथून ठरते. गंमत म्हणजे हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नाही; बहुतेकांमध्ये त्याची एक फेरी चोवीस तासांहून थोडी लांब असते. म्हणून ते रोज बाहेरच्या वेळेशी जुळवून घ्यावं लागतं, आणि हे काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो.

पण उजेड एकटा पुरत नाही. १९८८मध्ये सिंडी एहलर्स, एलन फ्रँक आणि डेव्हिड कुपफर या संशोधकांनी एक विचार मांडला, तो मला फार पटतो. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या आजूबाजूची माणसं आणि त्यांच्याशी बांधलेली कामं हीसुद्धा आपलं घड्याळ लावत असतात. कुणाचा तरी डबा, कुणाची तरी गोळी, कुणाबरोबर तरी रात्रीचं जेवण. ते माणूस गेलं की या खुणा एकदम पुसल्या जातात, दिनक्रम विस्कटतो, त्यामागून झोप आणि भूक विस्कटते, आणि ज्यांचा पिंड मुळात नाजूक असतो त्यांना नैराश्य गाठू शकतं. म्हणजे आमच्या त्या गृहस्थांना लोक आळशी ठरवत होते, तेव्हा प्रत्यक्षात त्यांच्या दिवसाच्या सगळ्या खुंट्या उपटल्या गेल्या होत्या. अशा वेळी पंधरा-पंधरा मिनिटांचं टाइमटेबल भिंतीवर चिकटवणं म्हणजे अंगात ताप असताना मॅरेथॉनची तयारी.

मग किती खुंट्या पुन्हा रोवायच्या? या संशोधकांच्या गटाने दिनक्रम मोजण्याची एक पद्धत तयार केली. तिच्या छोट्या रूपात फक्त पाच वेळा टिपायच्या असतात: अंथरुणातून उठण्याची, दिवसभरात दुसऱ्या माणसाशी पहिल्यांदा बोलण्याची, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपायला जाण्याची. दुसरी नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण एकट्या राहिलेल्या माणसाची नेमकी तीच हरवते. वॉचमनशी ‘पाणी आलं का’ एवढं बोलणंही चालतं. शिवाय ही पद्धत दयाळू आहे. ठरल्या वेळेच्या पाऊण तास आगेमागे झालं तरी ते वेळेवर झालं असंच धरतात. मध्य रेल्वेने जाणाऱ्यांना एवढी सवलत हवीच.

उठलं की बाहेर. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळीसुद्धा मोकळ्यावरचा उजेड हजार लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर असतो. घरात ट्यूबलाइटखाली तो जेमतेम शंभर ते तीनशे. तलावपाळीला एक फेरी मारली तर उत्तम, नाहीतर गॅलरीत उभं राहावं, पण पडदे उघडून.

आता दुसरा सल्ला, पॉझिटिव्ह राहण्याचा, म्हणजे स्वतःशी काय बोलायचं याचा. ‘मी खंबीर आहे, सगळं छान चाललंय’ असं आरशासमोर म्हणायला सांगणारे व्हॉट्सअ‍ॅपवर पुष्कळ भेटतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड यांनी २००९मध्ये हे तपासून पाहिलं. स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य मनात घोळवायला लावलं, तर त्यांना उलट अधिकच वाईट वाटलं. यात नवल नाही. जे वाक्य आतून खरं वाटत नाही त्याच्याशी मन लगेच हुज्जत घालायला लागतं.

मग काय म्हणायचं? मिशिगन विद्यापीठातल्या इथन क्रॉस यांनी २०१४मध्ये एक मजेदार गोष्ट दाखवली. लोकांना ऐनवेळी भाषण करायला लावलं. काहींनी मनातल्या मनात ‘मी’ म्हणत तयारी केली, काहींनी स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून. दुसऱ्या गटाची घालमेल कमी झाली आणि भाषणंही बरी झाली. पुढे २०१७मध्ये जेसन मोझर यांच्याबरोबरच्या प्रयोगात मेंदूचे आलेखही घेतले. नकोशी चित्रं बघताना स्वतःला नावाने संबोधलं की भावनेशी जोडलेली मेंदूची प्रतिक्रिया सेकंदाच्या आतच सौम्य व्हायची, आणि त्यासाठी मेंदूला जास्तीचे कष्टही पडत नव्हते. दुसऱ्याला समजावताना आपण जेवढे शहाणे असतो, तेवढा शहाणपणा या युक्तीने स्वतःच्या वाट्याला येतो. ‘मना’ अशी हाक मारून स्वतःला समजावण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मात्र हे प्रयोग शोकात बुडालेल्या माणसांवर झालेले नाहीत, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

वेळ आणि शब्द यांची गाठ मारण्याचं काम जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी केलं. नुसतं ‘मी नियमित राहीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं ठरवलं तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. २००६मध्ये ९४ चाचण्या एकत्र तपासल्यावरही हेच दिसलं. आमच्या गृहस्थांनी अलार्म पुसले नाहीत, त्यांची नावं बदलली. सहाच्या अलार्मला आता ‘बाळ्या, ऊठ, गॅलरीत जा’ असं येतं. आई त्यांना बाळ्या म्हणायची. दुपारी दोनच्या अलार्मला ‘बाळ्या, जेवलास का?’ संध्याकाळची वेळ मात्र अवघड होती. परतीच्या लोकलमध्ये आईचा रोज फोन यायचा, ‘मुलुंड गेलं का?’ आता मुलुंड गेलं की ते स्वतःहून डोंबिवलीच्या बहिणीला फोन लावतात. कधी दोघं आईबद्दलच बोलतात, एखाद्या दिवशी त्यांना डब्यातच रडू येतं.

ते रडूही वेळेच्या हिशेबात धरायला हवं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९मध्ये मांडलं, की सावरणारा माणूस सतत दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत, कधी बँकेचं नॉमिनेशन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वीजबिलावरचं नाव अशा पुढच्या कामांत. दोन्ही टोकं लागतात आणि दोन्हींतून सुट्टीही लागते. वर्षश्राद्धाआधी फ्रिज बदलला म्हणून नाक मुरडणारे आणि ‘अजून रडतोस?’ म्हणणारे, दोघांनाही हे कळलेलं नसतं. शोकाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सगळ्यांना पाठ असतात, पण एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये त्या मांडल्या होत्या मरणाच्या दारातल्या रुग्णांबद्दल. मागे राहिलेल्यांनी त्या एकेक करून चढाव्यात अशी सक्ती नाही.

काहींच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणानुसार सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि वेदना तितकीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर त्याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हणतात. अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी ही मुदत वर्षभराची आहे. जगणं नकोसं वाटत असेल तर मुदतीची वाट बघायचीच नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१पासून आहे, आणि ‘याला ठाण्याला भरती करा’ हा विनोदही बहुधा तेवढाच जुना. त्या विनोदामुळे किती ठाणेकर डॉक्टरांची पायरी चढायला कचरत असतील कोण जाणे. जायचं ठरलं तर आधीच्या दोन आठवड्यांच्या दिनक्रमाच्या त्या पाच नोंदी (उठणं, पहिलं बोलणं, काम, जेवण, झोप) एका वहीत लिहून बरोबर न्याव्यात. ‘झोप लागत नाही’ एवढं सांगण्यापेक्षा त्या वहीतून डॉक्टरांना बरंच जास्त कळतं.