देहभान-शिक्षण आणि शिशूची हालचाल

देहभान-शिक्षण : हालचाल करताना शरीर आतून कसे जाणवते याकडे लक्ष देऊन हालचालीच्या सवयी बदलण्याची पद्धत. इंग्रजीतील ‘सोमॅटिक्स’ ही संज्ञा १९७६ मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ टॉमस हॅना यांनी रूढ केली. ‘सोमा’ म्हणजे ग्रीक भाषेत शरीर; हॅनांना अभिप्रेत होते ते ज्याचे त्याला आतून जाणवणारे शरीर.

या पद्धतीचे बहुतेक प्रवर्तक तान्ह्या मुलाकडे वळतात. मूल कुशीवर होते, पालथे पडते, सरपटते, रांगते. यातले काहीच त्याला कोणी शिकवत नाही. हात हलला की तो डोळ्यांना दिसतो, सांध्यांत जाणवतो, सतरंजीला घासतो. डोके उचलले की अंतर्कर्णातील तोलेंद्रियाला कळते. हालचालीतून संवेदन आणि संवेदनातून पुढची हालचाल, असे हे चक्र चालते. या प्रवर्तकांपैकी मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–८४) हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आणि ज्यूदोपटू. गुडघ्याच्या जुन्या दुखापतीने त्यांना या वाटेला आणले. त्यांच्या पाठांत प्रौढ माणसे जमिनीवर पडून, अगदी सावकाश, पुन्हा कुशीवर वळायला शिकतात.

बुडापेस्टमध्ये १९४६ साली शिशुगृह सुरू करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांचा नियम साधा होता : जी स्थिती मुलाला स्वतःहून घेता येत नाही, त्या स्थितीत त्याला ठेवू नये. उशांच्या आधाराने बसवणे नाही, बोट धरून चालवणे नाही. आपल्याकडचा पांगुळगाडा त्यांना मुळीच रुचला नसता.

हालचाल शरीरातूनच घडते या विचाराला प्रयोगाचा आधार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांच्याकडून मिळाला. नवजात बाळाला उभे धरले की ते पावले टाकते. दोनेक महिन्यांत ही क्रिया नाहीशी होते. मेंदू परिपक्व झाल्याने ती दबते, असे मानत. थेलन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये बाळांचे पाय कमरेपर्यंत कोमट पाण्यात सोडले, तेव्हा पावले वाढली. पायांना वजने बांधली, तेव्हा कमी झाली. पाय जड होतात, ताकद मागे राहते, एवढेच. याच थेलन पुढे फेल्डेनक्राइस पद्धत शिकल्या.

सगळेच दावे इतके भक्कम नाहीत. बॉनी बेनब्रिज कोहेन यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या ‘बॉडी-माइंड सेंटरिंग’ या देहभान-पद्धतीत शिशूच्या हालचालींची मासा, बेडूक, सरडा अशा प्राण्यांच्या चालीशी सांगड घालतात. नृत्याच्या वर्गात ही उपमा फार उपयोगी पडते. शरीरशास्त्र म्हणून ती तपासूनच घ्यावी. रांगणे चुकले तर पुढे शिकण्यात अडचणी येतात, या समजुतीलाही भक्कम पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील ८१६ मुलांची पाहणी केली, तेव्हा ४.३ टक्के मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नव्हती. आधाराविना चालू लागण्याचे वय ८.२ ते १७.६ महिने इतके पसरलेले आढळले.